रक्ताच्या नात्यात कोणाला?

रविवारी सुनेसोबत जेवायला आलेल्या मुलाने पाण्याचा ग्लास शोधला, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

ग्लास काही लांब नव्हता. ताटाच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, तिनेच भरून ठेवलेला. तरी तो म्हणाला, "आई, आज पाणी ठेवलंच नाहीस का?" आणि मग वळला. नुसती मान नाही, खांद्यांसकट, छातीसकट सगळा वळला. पाठीमागून कोणी हाक मारावी तसा. "अरे, हा काय इथेच आहे!" असं म्हणून हसला आणि गटागटा प्यायला.

"यांची मान ना," सून म्हणाली, "दिवसभर खाली बघून बघून लाकूड झाली आहे नुसती. किती दिवस सांगतेय, शेक घ्या, शेक घ्या."

"उशी बदल," आई म्हणाली. काहीतरी म्हणायला हवं होतं.

साधीच गोष्ट, विसरून जावी अशी. पण असंच ग्लास शोधणं तिने आधी एकदा पाहिलं होतं, याच टेबलाशी. तेव्हा ज्याने शोधला होता तो माणूस पुढे सहा वर्षं भिंतीला हात लावून घरात चालला आणि तसाच गेला. तो या मुलाचा बाप.

मग आता काय समजायचं? मान की डोळे? सोमवारी तिला वाटलं, मानच असणार, काम तसंच आहे त्याचं. मंगळवारी उठल्या उठल्या वाटलं, डोळेच. बुधवारी सकाळी वाटलं, दोन्ही. आणि दुपारी वाटलं, दोन्ही नाही, आपलंच डोकं फिरलंय.

मुलगा टॉवर क्रेन चालवतो. मोठी इमारत उभी राहत असते तिथे एक उंच पिवळी क्रेन असते आणि तिच्या मानेपाशी चिकटलेली काचेची खोली. खालून बघणाऱ्याला तिच्यात माणूस असेल असं वाटतही नाही. त्या खोलीत तो बसतो. एकोणचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याने एकवीस इमारती वर नेल्या. त्यांपैकी एकीतही राहायला मिळालं नाही याचं त्याला काही नाही. "मी छपराच्या वर राहून आलोय आई," तो म्हणतो, "छपराखाली कोण राहतंय त्याच्याशी मला काय करायचंय!"

उंचीचं वेड लहानपणापासूनचं. अभ्यास कपाटावर बसून करायचा. शाळेतून आईला बोलावणं यायचं ते मार्कांसाठी नाही, पाण्याच्या टाकीवरून त्याला खाली उतरवायला. आता साइटवर त्याचं खरं नाव कोणाच्या लक्षात नाही, सगळे त्याला घार म्हणतात. वॉकीटॉकीवर दिवसभर तेच चालतं: घार, जरा उजवीकडे घे. घार, सावकाश. घार, जेवायला उतर. वरून त्याला खाली कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे तेही दिसतं, अशी ख्याती. कोणी हेल्मेट काढून डोकं खाजवलं की वरून आवाज आलाच: "घाल ते टोपडं, टकल्या! वर आरसा चमकतोय मला!" माणसं वर बघून शिव्या देतात आणि हेल्मेट घालतात. केबिनबाहेरचा घार तसा मुखदुर्बळ. लग्नात दोन वाक्यं बोलायला सांगितली तर एकच बोलला. वर गेला की मात्र त्याचा आवाज बदलतो, असं त्याच्यासोबत काम करणारे सांगतात.

आणि डोळे म्हणाल तर लायसन नवं करताना दर वेळी तपासतात. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यातली शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा तो घडाघडा वाचतो. "भिंतीपलीकडचंही वाचाल तुम्ही," असं मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते. हे तो स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगतो, हा एवढाच त्याचा मोठेपणा.

मुंगीएवढी ओळ दिसते आणि ग्लास दिसत नाही, हे कोड्यात टाकणारं होतं. पण घरातल्या एका माणसाला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि तेच माणूस तोंडाला कुलूप लावून बसलं होतं.

बाप बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होता. पन्नाशीनंतर तो दारांच्या चौकटींवर आपटायला लागला, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. ठिणग्यांनी डोळे खाल्ले, असं फोरमन म्हणाला, सोबतचे वेल्डर म्हणाले. तो स्वतःही म्हणायचा, आणि जरा ऐटीतच म्हणायचा, शिपाई छातीवरची जखम दाखवतो तसा. डोळ्यांच्या दवाखान्यात मात्र तो चष्म्याच्या फ्रेमा लावून बघत असताना डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये घेतलं. वेल्डिंगचा काही संबंध नाही, त्या म्हणाल्या. काचबिंदू आहे. आतला दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू वाळत जाते. समोरची अक्षरं शेवटपर्यंत दिसतात, आधी कडा जातात, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येत नाही. लवकर कळलं तर थेंब घालून उरलेलं राखता येतं. आणि हे रक्तातून येतं; मुलाला पस्तिशीनंतर दरवर्षी दाखवत जा.

आई पदवीधर. कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेली. सगळ्या नात्यागोत्याचे फॉर्म तीच भरायची. अक्षर असं की वरिष्ठ न वाचता सही करत. त्या आठवड्यात तिच्यापुढे आला तो नवऱ्याच्या कारखान्याचा फॉर्म, हलकं काम मागण्याचा. कामामुळे इजा झाली असेल तर स्टोअरमध्ये बसायची खुर्ची. दुसरा काही आजार असेल तर घर. मधे काही नाही. "कारण" या शब्दापुढे दीड ओळ मोकळी होती. तिने तिथे लिहिलं, "वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशामुळे." कारखान्याच्या डॉक्टरनेही न वाचताच सही केली.

खुर्ची मिळाली. निवृत्तीपर्यंत टिकली. पण कागदावर लिहिलेलं मग घरातही सांभाळावं लागलं, कारण नवऱ्याच्या पोटात काही राहायचं नाही. त्याला खरं कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी फोरमनलाच सांगितलं असतं. म्हणून त्यालाही तेच सांगितलं. थेंब दिले ते "डोळ्यांना थंडावा" म्हणून, आणि थंडावाच तर आहे म्हणून त्याने ते कधी घातले, कधी नाही घातले. हे आठवलं की अजूनही आई हातातलं काम टाकून उभी राहते.

तो गेला तेव्हा मुलगा एकतीस वर्षांचा होता. पस्तिशी लांब होती. मग ती आली आणि निघूनही गेली. "डोळे दाखवून ये रे," ती दरवर्षी म्हणायची. "लायसनला दाखवले की," तो म्हणायचा. पुढचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथून मागे फिरायचं.

आणि या वर्षी विम्याचं ते पुस्तक आलं.

क्रेन भाड्याने देणाऱ्या त्याच्या कंपनीने पहिल्यांदाच कामगारांपुढे दोन आरोग्य योजना ठेवल्या होत्या, एक निवडायची. बुधवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, तू ऑफिसात होतीस ना, रविवारी पुस्तकाची एक प्रत ठेवलीय तुझ्याकडे, जरा बघ ती. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. चौतीस पानं आहेत."

"वाचलीस का तू?"

"फोटो बघितले. सगळे हसतायत त्यात. आजारी कोणीच नाही."

त्याने तिला समजावूनही सांगितलं, त्याच्या पद्धतीने. क्रेनच्या केबिनमध्ये भाराचा एक तक्ता डकवलेला असतो: खांबाजवळ किती वजन उचलायचं, आडव्या हाताच्या टोकाला किती. मुलाने दोन्ही योजना त्या तक्त्यात बसवल्या होत्या.

"पहिली आहे ना, ती मोठं वजन उचलते. दवाखान्यात भरती झालो की भरपूर देते. पण भरती झालो तरच. दुसरी भरतीला निम्मंच उचलते, पण दरवर्षी तपासणी, रक्त, लस, दात, डोळे, मानेचा व्यायामसुद्धा. म्हणजे बारीक बारीक वजनं, पण वर्षभर."

"मग?"

"मग काय! क्रेन घ्यायची तर मोठं वजन उचलणारी घ्यावी ना माणसाने? बारीक तर मी हातानेही उचलीन."

मागून सुनेचा आवाज आला. "दात फुकट आहेत म्हणावं दुसरीत! माझी अक्कलदाढ ठणकतेय केव्हाची."

"तुझी अक्कल कधी आली होती गं, दाढ यायला?"

"लग्न केलं तेव्हा गेली होती, आता परत येतेय!"

"ऐकतेयस ना आई? बरं, इथे लिहिलंय, तपासण्यांना वजावट लागू नाही. लागू नाही म्हणजे चांगलं की वाईट?"

अठ्ठावीस वर्षं परिपत्रकं वाचलेल्या आईने विचार केला. वजावट म्हणजे आधी आपण भरायचं ते. ते लागू नाही म्हणजे आपण भरायचं नाही. की आपल्याला ते मिळायचं नाही? "चांगलं," ती म्हणाली. "बहुतेक."

"बहुतेक? तू बहुतेक म्हणायला लागलीस तर आम्ही कुठे जायचं!" मग तो म्हणाला, "चल, दुसरीच घेतो. घरात शांतता पाहिजे मला. पण दुसरीला एक फॉर्म आहे जास्तीचा. रक्ताच्या नात्यात कोणाला. मी वाचतो, तू सांग. मधुमेह? नाही. रक्तदाब? तुला आहे, होय. हृदय? नाही. काचबिंदू?"

आईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांचं वेल्डिंगचं होतं ना?"

"हो," आई म्हणाली.

"म्हणजे नाही."

"नाही."

त्याने बोट लावलं असणार. फोनमध्ये बारीकसा टक्क आवाज आला. "शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पाठवून टाकतो. शेवटचा दिवस आहे. नंतर वर्षभर काही बदलता येत नाही."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, बरंच झालं की. दुसऱ्या योजनेत डोळ्यांची तपासणी आहे. आपण काही न बोलताही कळेल त्यांचं त्यांना. लगेच वाटलं, कळलं तर? तर घारीला वरून उतरवतील. जमिनीवर हा माणूस करेल काय? आणि कळलंच नाही तर? तिने चौतीस पानं पेन्सिल घेऊन तीनदा वाचली. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, सर्व माहिती गोपनीय राहील. सत्ताविसाव्या पानावर होतं, कंपनीस एकत्रित माहिती दिली जाईल. एकत्रित! कॉलेजच्या ऑफिसात एकत्रित यादी म्हणजे प्रत्येकाच्या नावासकट, पिन मारलेली आणि फलकावर लावलेली. मग गोपनीय ते काय राहिलं? तिला काही सुधरेना.

शुक्रवारी सकाळी ती बसने विमा कंपनीच्या ऑफिसात गेली. टोकन घेतलं, शहाऐंशी नंबर. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या; एक माणूस उठला की पूर्ण रांग हलायची. काउंटरच्या काचेला बोलायचं भोक इतकं खाली होतं की प्रत्येक जण त्यातून बोलताना वाकून नमस्कार करतोय असं वाटायचं. पलीकडे एक तरुण मुलगी होती, सर्दी झालेली.

"डोळ्यांच्या तपासणीत नेमकं काय काय करतात हो?" आईने वाकून विचारलं.

"अक्षरं वाचून घेतात, चष्म्याचा नंबर काढतात."

"आणि डोळ्यातला दाब? कडेची नजर?"

मुलीने संगणकात बघितलं. "ती वेगळी तपासणी आहे, काकू. रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल, आणि फॉर्मवर तिथे होय केलं असेल, तर तीही होते दरवर्षी."

"नाही केलं असेल तर?"

"मग अक्षरं."

"अक्षरं त्याला सगळी दिसतात."

"मग छानच की!"

आई काचेकडे बघत राहिली. म्हणजे फॉर्म जाणार, तपासणी होणार, घडाघडा शेवटची ओळ वाचली जाणार, आणि डोळे उत्तम असल्याचा आणखी एक कागद घरात येणार. आणि ही सगळी आजार आधीच ओळखायची योजना.

"एकत्रित माहितीत नावं असतात का?" तिने विचारलं.

"नाही हो. किती जणांनी तपासणी केली, तेवढा आकडा."

"आणि तपासणीत काही निघालं तर कामावरून काढतात का?"

"ते विम्यात येत नाही, काकू. मुलगा काय करतो तुमचा?"

"क्रेन चालवतो. उंच असते ती."

मुलगी नाक पुसता पुसता थांबली. "अच्छा," ती म्हणाली.

या अच्छाचा अर्थ काय लावायचा? मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा आईने घाईघाईने शेवटचं विचारलं, आधी नाही लिहिलेलं नंतर होय करता येतं का. पाठवायच्या आधी येतं, मुलगी म्हणाली. पाठवल्यावर पुढच्या वर्षी.

घरी जायची बस समोर उभी होती, पण आई दुसऱ्याच बसमध्ये चढली. सून एका बेकरीत केकवर नक्षी काढते. बेकरीच्या मागच्या खोलीत लांब टेबलाशी ती उभी होती. केसांवर जाळी, हातात क्रीमची पिशवी, पुढे चार थरांचा पांढरा केक. आईला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई! तुम्ही इथे? बरं आहे ना सगळं?"

"आहे गं. इकडे काम होतं, म्हटलं डोकावून जावं." मग तिने आपलं विचारल्यासारखं विचारलं, "त्याची मान कशी आहे आता?"

"मान? विचारू नका." सुनेने केकच्या कडेने निळी वेल सोडायला घेतली. पिशवी दाबत दाबत, केक फिरवत ती बोलत होती. "परवाची गंमत सांगितली का यांनी? नसेलच सांगितली. सळ्यांचा गठ्ठा फिरवत होते. डावीकडे मचाणावर एक माणूस उभा. यांना दिसलाच नाही! खालचा सिग्नलमन ओरडला, घार थांब, थांब, थांब! गठ्ठा थांबला तो त्या माणसापासून हातभरावर. त्याने वर बघून हात जोडले म्हणे. मग दिवसभर सगळे यांना चिडवत होते, घार म्हातारी झाली, घारीला आता कबुतरांत घाला. हे पण हसले. पण रात्री जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, मानच वळत नाही तर दिसणार कसा माणूस? म्हणून तर मी दुसऱ्या योजनेच्या मागे लागले. दाढ राहू दे हो, मानेचा व्यायाम आहे त्यात."

निळी वेल एका जागी जाड झाली. सुनेने ती सुरीच्या टोकाने अलगद उचलून टाकली.

"कोण होता?" आईने विचारलं.

"कोण?"

"मचाणावरचा."

"काय माहीत. गवंडी असेल, नाहीतर रंगारी. का हो?"

"काही नाही. असंच."

इतके दिवस आईने त्या केबिनमधल्या एकाच माणसाचा विचार केला होता. त्याचे डोळे, त्याची नोकरी, त्याचा रुबाब. हुकाखाली माणसं असतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिच्या हिशेबात ती कधी आलीच नव्हती. आता एक आला होता, हात जोडून वर बघणारा, आणि तो काही केल्या जाईना. त्यालाही आई असणार. तीही त्याला उशी बदल म्हणत असणार.

सुनेला इथेच सगळं सांगून टाकावं का? तोंड उघडलंही तिने. पण टेबलाशी आणखी दोघी जणी होत्या, आणि बाप त्याचा होता. आधी त्याला कळायला हवं. "येते गं," ती म्हणाली.

"अहो, केकचा तुकडा तरी खा. कडा कापलेल्या आहेत."

"नको. साडेबारा झाले."

बेकरीबाहेर बसथांब्याचा बाक रिकामा होता. ती बसली. फोन हातात घेतला, परत पर्समध्ये ठेवला, परत घेतला. तो वर असताना फोन करायचा नाही, हा घरातला नियम. तो एक वाजता उतरतो. उतरला की आधी हात धुतो, मग फोन बघतो. म्हणजे फॉर्म जाणार एक वाजून पाच ते दहा मिनिटांच्या मधे कधीतरी.

आणि सांगायचं काय? तुझ्या बाबांना काचबिंदू होता. मग तो विचारणार, तुला कधीपासून माहीत होतं? चौदा वर्षं. बाबांना माहीत होतं? नाही. यापुढे तो काय म्हणेल ते तिला दिसेना. चिडेल? गप्प बसेल? गप्प बसला तर ते जास्त वाईट. आणि एवढं सगळं उकरून काढून शेवटी मानच निघाली तर? निघू दे. तर ती स्वतः रोज येऊन शेक देईल. पण मानच असेल असं तिला वाटत होतं का? नव्हतं. मग आजच वर जाऊ नकोस म्हणून सांगायचं का? तपासणी होईपर्यंत रजा काढ म्हणायचं? त्याला तो काय म्हणेल? आणि सुट्टी संपल्यावर तो ऐकेल की परत चढेल? एका प्रश्नाला उत्तर सापडलं की त्यातून दोन नवे निघत होते.

बस आली, थांबली, दार उघडलं. चालकाने मान काढून विचारलं, "येताय का, आजी?" तिने हात हलवून नाही म्हटलं.

एक वाजायला दोन मिनिटं कमी होती. मुलाला एकच्या ठोक्याला फोन करायचा, हे तिने नक्की केलं. फॉर्म पाठवू नकोस, तिथे होय कर, आणि दुपारी वर जायच्या आधी माझं सगळं ऐकून घे. सुरुवात कुठून करायची ते तिला अजून सुचलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की आज ती नेहमीसारखं आधी "जेवलास का?" असं विचारणार नव्हती.